ॲकिलिस टेंडन तुटल्यानंतर पुन्हा गोल्फ: नाशिककरांसाठी पायरीपायरीने

टाचेमागचा ॲकिलिस टेंडन (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड पट्टा) तुटला की पहिल्याच आठवड्यात सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोणी म्हणतं ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही, कोणी म्हणतं तेल लावून चोळा, कोणी म्हणतं गोल्फ आता विसरा. माझा डावा टेंडन बॅडमिंटनच्या डबल्समध्ये तुटला, ऑपरेशन झालं, आणि आज मी पुन्हा १८ होल चालत खेळतो. मधल्या काळात विचारत-शोधत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. तुमच्या डॉक्टरांचा शब्द अर्थातच माझ्यापेक्षा वरचा, पण त्यांना काय विचारायचं हे तरी यातून कळेल.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. हा टेंडन बहुतेक वेळा जुळतोच. प्रश्न असतो तो किती लांबीवर जुळतो याचा. ताणला जाऊन लांब झालेला टेंडन जुळूनही ढिला राहतो, पोटरी कितीही कमावली तरी टाच पुरती वर जात नाही, आणि वाढलेली लांबी व्यायामाने परत आखूड होत नाही. पहिल्या तीन महिन्यांतली सगळी बंधनं या लांबीसाठी आणि टेंडन पुन्हा तुटू नये यासाठी आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की 'हे चालेल का, ते चालेल का' यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतात.

## १. मुरगळला की तुटला, याची खात्री आधी करा

लक्षण अगदी ठरलेलं असतं. मागून कोणीतरी पोटरीवर लाथ मारली असं वाटतं, 'टप्प' असा आवाज येतो, वळून बघावं तर मागे कोणीच नसतं. दुखणं पहिल्या काही मिनिटांनंतर इतकं कमी होतं की माणूस लंगडत का होईना गाडीपर्यंत चालत जातो. इथेच फसगत होते. पाऊल सपाट टेकवून चालता येतं, बसल्या जागी पंजा खालीही दाबता येतो, कारण घोट्याजवळचे दुसरे स्नायू ते काम थोडंफार करतात. जमत नाही ते एकच: त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहणं. पण तुटल्याचा संशय असेल तर ते घरी करून बघू नका.

माझा पाय पहिल्या ठिकाणी एक्स-रे काढून 'मुरगळलाय, क्रेप बँडेज बांधा' म्हणून परत पाठवला गेला. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, टेंडनचं तुटणं त्यावर ठरवता येत नाही. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा आणि पोटरी दाबून बघायला सांगा. तुम्हाला पालथं झोपवतात, पावलं पलंगाच्या कडेबाहेर लोंबती ठेवतात आणि पोटरी मुठीत धरून दाबतात. टेंडन शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली झुकतं. तुटला असेल तर जवळजवळ हलतच नाही. दोन्ही पायांवर लागोपाठ करून घ्या, फरक तुमच्यासोबत आलेल्या माणसालाही दिसतो. शंका उरलीच तर सोनोग्राफी किंवा एमआरआय.

हे पहिल्या दोन-चार दिवसांत व्हायला हवं. जितका उशीर, तितकी तुटलेली टोकं एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधल्या जागेत व्रणासारखं ऊतक भरतं. मग साधं ऑपरेशनही मोठं होऊन बसतं. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत पंजा खालच्या दिशेला सैल राहू द्या, त्या पायावर भार देऊ नका, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा. चोळणं, ओढणं, 'बसवून घेणं' यातलं काहीही नाही.

आधीच्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन गटातलं अँटिबायोटिक घेतलं असेल, किंवा टाचेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. दोन्हींमुळे टेंडन कमजोर होऊ शकतो.

## २. ऑपरेशन की नुसता बूट?

'ऑपरेशन नाही केलं तर पाय कायमचा गेला' हे पूर्वीचं बोलणं आता टिकत नाही. नॉर्वेत पाचशेहून जास्त रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. वर्षभरानंतर पाय कसा चालतो याबाबतीत ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. फरक होता तो धोक्यांमध्ये. ऑपरेशन न केलेल्यांत पुन्हा तुटण्याचं प्रमाण साधारण ६ टक्के, तर केलेल्यांत १ टक्क्यापेक्षा कमी. उलट ऑपरेशनवाल्यांत नस दुखावण्याचं प्रमाण जास्त, आणि जखम चिघळण्याची शक्यताही ऑपरेशन केलं तरच येते.

माझं मत विचाराल तर: मधुमेह असेल, सिगारेट चालू असेल, वय जास्त असेल, तर बूटवाल्या उपचाराचा (ऑपरेशन न करता पाऊल खास बुटात पंजा खाली झुकवून ठेवण्याचा) गंभीरपणे विचार करा. या भागातली कातडी पातळ, रक्तपुरवठा मुळात कमी, आणि न भरणारी जखम फार दमवते. तुम्ही धडधाकट असाल, पुन्हा जोरात खेळायचं असेल आणि डॉक्टर ही ऑपरेशनं नेहमी करणारे असतील, तर ऑपरेशन. पण बूटवाला उपचार म्हणजे 'काहीच न करणं' नव्हे. तो लगेच सुरू व्हावा लागतो, पंजा खाली झुकवूनच व्हावा लागतो, आणि त्यात शिस्त ऑपरेशनपेक्षा जास्त लागते.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: भार कधीपासून टाकायचा, बूट किती आठवडे, आणि फिजिओथेरपी कधी सुरू करायची. जुन्या पद्धतीत सहा-आठ आठवडे पक्कं प्लास्टर असायचं. आता बऱ्याच ठिकाणी दोन आठवड्यांनी बूट घालून हळूहळू भार टाकायला लावतात.

## ३. कागदपत्रं आणि सामान

कागद एका फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा:

- आधार, पॅन, विम्याचं कार्ड आणि पॉलिसीची प्रत
- पहिल्या तपासणीचा कागद, त्यावर तारीख, कोणता पाय आणि दुखापत कशी झाली हे स्पष्ट लिहिलेलं
- सोनोग्राफी किंवा एमआरआयची फिल्म आणि रिपोर्ट, दोन्ही
- डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोट्स, सगळी मूळ बिलं
- ऑफिससाठी रजेचं सर्टिफिकेट, आणि नंतर लागणारं फिटनेस सर्टिफिकेट

विमा कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला) ॲडमिट होण्याआधीच कळवा आणि कॅशलेसची मंजुरी हातात घ्या. फिजिओथेरपीचे पैसे अनेक पॉलिसींत मिळत नाहीत. काहींत डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांपुरतेच मिळतात, तेही डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल तर. म्हणून डिस्चार्जच्या वेळीच कागदावर 'फिजिओथेरपी' लिहून मागा. बूट आणि कुबड्यांचं बिलही पक्कं घ्या, विमा देवो न देवो.

सामान फार नाही. कुबड्या किंवा वॉकर (घरात वॉकर बरा पडतो), घोट्याच्या वरपर्यंत येणारा वॉकर बूट, त्यात टाचेखाली घालायच्या पाचरा, बाथरूमसाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणि रबरी मॅट, आणि कमोडची सोय. सर्जिकलच्या दुकानात 'बूट द्या' एवढंच सांगितलं तर पाऊल काटकोनात धरणारा साधा बूट हातात पडतो. तुम्हाला पाचरांसकट किंवा कोन बदलता येणारा हवा आहे, हे नीट सांगा.

## ४. पहिले दोन आठवडे

पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडून राहणं हेच काम. बोटं हलवत राहा. टाके ओले होऊ देऊ नका.

एकाच गोष्टीची भीती बाळगा: पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होणं. या दुखापतीत ती नवलाची नाही. पोटरी अचानक जास्त सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. रक्त पातळ करणारं औषध आपल्याला लागेल का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. याच कारणाने कोणालाही पोटरीची मालीश करू देऊ नका. आजी, मावशी, शेजारचे काका, सगळे मायेनेच म्हणतील. त्यांना गुठळीचं सांगा, मग ऐकतात.

## ५. बुटाचे आठवडे: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

साधारण दुसऱ्या आठवड्यापासून आठव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत बूट. सुरुवातीला टाचेखाली तीन-चार पाचरा असतात, त्यामुळे पंजा खाली झुकलेला राहतो. नंतर डॉक्टर सांगतील तशी एकेक काढायची. घाई करून दोन पाचरा एकदम काढल्या की टाचेमागे ओढ जाणवते, आणि ती ओढ म्हणजे लांबी वाढण्याची सुरुवात. बुटामुळे एक पाय उंच होतो, कंबर दुखू लागते. दुसऱ्या पायात जाड तळव्याचा बूट घाला. रात्री बूट काढायचा की नाही हे स्वतः ठरवू नका. झोपेत उठून बाथरूमकडे दोन पावलं टाकताना पुन्हा तुटलेल्यांचे किस्से कुठल्याही ऑर्थोपेडिक ओपीडीत ऐकायला मिळतील.

आता आपल्या घरातले धोके. परदेशी लोकांसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये हे नसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उकिडवं बसणं पूर्ण बंद. टाच जमिनीला टेकवून उकिडवं बसलं की टेंडनला शक्य तेवढा जास्तीत जास्त ताण बसतो. म्हणून भारतीय पद्धतीचा संडास नको, अंगणात किंवा मोरीत उकिडवं बसून हात-पाय धुणं नको. जमिनीवर बसून जेवण्यात बसणं एवढं धोक्याचं नाही, उठणं आहे. उठताना सगळा जोर चवड्यावर येतो. टेबलावर जेवा. देवघरासमोर खुर्ची ठेवा.

योगासनं करणाऱ्यांनी सूर्यनमस्कार थांबवावेत. पर्वतासनात टाच जमिनीला टेकवण्याचा जो प्रयत्न असतो, नेमकं तेच टाळायचं आहे. अश्वसंचलनातही पुढच्या पायाचा घोटा तसाच दुमडतो. 'आखडलंय, जरा ताणून मोकळं करतो' हा विचार चांगल्या चांगल्या व्यायामपटूंना नडतो. आखडलेलं राहू द्या. थोडा आखूड टेंडन वर्षभरात आपोआप सैल होतो.

आणि पावसाळा. ओली फरशी, शेवाळलेली पायरी, बुटाचा गुळगुळीत तळ. गोदाघाटावर, रामकुंडावर या दिवसांत जाऊ नका, कार्य कितीही जवळच्याचं असो.

## ६. बूट सुटला, आता टाच उचला

बुटातून बाहेर आल्यावर साध्या बुटात टाचेखाली सेंटिमीटरभर जाडीचं पॅड घाला. सपाट चप्पल, स्लिपर आणि अनवाणी चालणं काही आठवडे बंद, घरातसुद्धा.

यापुढे महिनोन्‌महिने एकच व्यायाम तुमचा सोबती आहे: टाच वर उचलणं. क्रम असा: आधी खुर्चीवर बसून, मग ओट्याला धरून दोन्ही पायांवर, मग दोन्हींवर वर जाऊन दुखऱ्या एकट्यावर हळूहळू खाली येणं, आणि शेवटी एका पायावर. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच पायरीखाली सोडणं या यादीत बराच काळ येत नाही, व्हिडिओत कितीही सोपं दिसलं तरी.

माझ्या फिजिओने एक युक्ती केली ती कोणीही करावी. ओट्याशेजारच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने दोन रेघा मारल्या: चांगल्या पायाची टाच जिथपर्यंत जाते तिथे एक, दुखऱ्या पायाची जाते तिथे दुसरी. दोन्हींत तीन बोटांचं अंतर होतं. मी किती वेळा उचललं ते मोजून सांगायला लागलो की ते म्हणायचे, "सर, आकडा राहू द्या, रेघ कुठे आहे ते सांगा." त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. अर्धवट उंचीवर पन्नास वेळा केलं तर पोटरी दमते, पण टाच पूर्ण वर असताना लागणारा जोर येत नाही. पूर्ण उंचीवर दहा वेळा जास्त मोलाचं.

एका पायावर नीट टाच उचलायला बहुतेकांना चार ते सहा महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. तोवर निराश होऊ नका. पोटरी बारीक दिसते, आणि थोडीशी बारीक ती कायमचीच राहू शकते.

चालण्याच्या सरावाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाभोवतीचा जॉगिंग ट्रॅक उत्तम. नाशिकमध्ये त्याला सगळे गोल्फ क्लबच म्हणतात. सपाट जागा, बसायला सोय, आणि घाईची गर्दी टाळायची तर सकाळी जरा उशिरा जा. लांब पावलं टाकू नका. मागचा पाय जितका मागे राहील तितका टेंडन ताणतो. छोटी पावलं, दोन्ही सारखी. पांडवलेणीच्या पायऱ्या हा रोजचा व्यायाम असणाऱ्यांनी तो किमान सहाव्या महिन्यापर्यंत बाजूला ठेवावा, आणि पुन्हा सुरू करताना पूर्ण पाऊल पायरीवर टेकवूनच चढावं.

## ७. गाडी

उजवा पाय असेल तर बूट सुटेपर्यंत गाडी नाहीच, आणि सुटल्यावरही करकचून ब्रेक मारता येतो याची बंद गाडीत खात्री झाल्याशिवाय नाही. डावा असेल आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर लवकर जमतं. क्लच असेल तर नाही. दुचाकीचा मोह जास्त होतो, पण सिग्नलला तोल जाऊन अचानक पाय टेकवणं हे टेंडन पुन्हा तुटण्याचं हमखास निमित्त. दुचाकी तीन-चार महिने सोडाच. रिक्षा आहेच.

## ८. गोल्फ: होलकडून टीकडे

परतीचा क्रम उलटा ठेवा. आधी ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत), मग ग्रीनच्या कडेला, मग फेअरवे (मधली मोकळी पट्टी), शेवटी टी (पहिला फटका मारायची जागा).

पुटिंग. बूट सुटला, दोन्ही पायांवर निर्धास्त उभं राहता आलं, की सुरू करा. साधारण तिसरा महिना. होलमधून बॉल काढायला उकिडवं बसू नका. पुटरच्या मुठीला लावायचं रबरी सक्शन कप मिळतं, किंवा कॅडीला सांगा.

चिपिंग आणि अर्धे फटके. तिसरा-चौथा महिना. पाय सपाट, जवळजवळ जागेवरच, फक्त खांदे फिरवायचे. बंकरमध्ये उतरू नका. वाळूत टाच खचते आणि घोटा नको तितका दुमडतो. बॉल बंकरमध्ये गेला तर उचलून बाहेर ठेवा, सोबत्यांना आधीच सांगून टाका.

पूर्ण स्विंग. साधारण पाचवा-सहावा महिना, आणि महिन्यापेक्षा रेघ बघा: दुखऱ्या एका पायावर टाच व्यवस्थित वर जाते का? जात नसेल तर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) बॅगेतच राहू द्या. सरावाच्या रेंजवर आधी वेज, मग छोटी आयर्न (दोन्ही जवळच्या फटक्यांच्या काठ्या), प्रत्येक वेळी अर्धी बास्केट.

कोणता पाय आहे यावर पुष्कळ अवलंबून आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा पाय पुढचा. फटक्याच्या वेळी सगळं वजन त्यावर येतं, जोरात मारणारे तर त्या पायाने जमीन दाबून उसळी घेतात. डावा दुखरा असेल तर ते पाऊल थोडं बाहेर वळवून उभे राहा, बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलू नका, आणि ताकद सत्तर टक्के. उजवा दुखरा असेल तर त्रास शेवटी होतो, कारण फॉलो थ्रूमध्ये (बॉल मारून झाल्यावर) उजवा पाय चवड्यावर जातो. तेव्हा फटका छोटा संपवा, टाच जमिनीजवळ राहू द्या. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.

बुटांबद्दल: खोल रुतणारे स्पाइक सुरुवातीला नकोत. पाऊल जमिनीत अडकून शरीर फिरलं की सगळा पीळ घोट्यावर येतो. मऊ तळव्याचे बूट आणि आत टाचेचं पॅड.

चालणं. १८ होल चालणं म्हणजे आठ-दहा किलोमीटर, तेही चढउतारावर आणि गवतात. आधी कार्ट घेऊन ९ होल, मग ९ चालत, मग १८ कार्टने, शेवटी १८ चालत. चढावर तिरकं चाला. पावसाळ्यात ओलं गवत घसरतं, म्हणून परतीची पहिली फेरी शक्यतो पावसाळा उलटल्यावर ठेवा. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत पहाटेची वेळही टाळा; थंडीत टेंडन फार आखडलेला असतो.

व्हॉट्सॲपवर कोणीतरी तुम्हाला जर्मन व्यावसायिक गोल्फपटू बर्नहार्ड लँगरचं उदाहरण पाठवेलच. २०२४ च्या फेब्रुवारीत वयाच्या ६६ व्या वर्षी पिकलबॉल खेळताना त्याचा डावा टेंडन तुटला, ऑपरेशन झालं, मेमध्ये तो स्पर्धेत उतरला आणि नोव्हेंबरमध्ये ज्येष्ठ व्यावसायिकांची चार्ल्स श्वाब कप चॅम्पियनशिप जिंकला. उमेद वाढवणारी गोष्ट आहे, मलाही तिने धीर दिला. पण आयुष्यभर कमावलेलं शरीर आणि तंत्र असलेल्या माणसाचं ते वेळापत्रक आहे. आपण आपला सहावा महिना धरावा.

## ९. परत आल्यावर

खेळून आल्यावर संध्याकाळी घोटा थोडा सुजणं वर्षभर चालू राहतं. पाय वर ठेवा, बर्फ लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं आखडलेली असतील आणि मग मोकळी होत असतील तर ठीक. आखडणं दुपारपर्यंत टिकलं तर आदल्या दिवशी जास्त झालं. पुढच्या वेळी होल कमी करा. खेळताना पुन्हा 'टप्प' जाणवलं, किंवा टेंडनमध्ये बोटाला खळगा लागला, तर चालत क्लबहाउसकडे येऊ नका. जिथे आहात तिथे बसा, कार्ट बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

टाच उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा चालूच ठेवा, आणि दुसऱ्या पायानेही करा. एकदा एका बाजूचा तुटला की दुसऱ्या बाजूचाही तुटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. टीवर पोचायच्या आधी दहा मिनिटं चालणं आणि दोन्ही पायांवर टाच उचलण्याचे दोन सेट, एवढं पुरतं.